आत्याबाईंचा शेक

आत्याबाई कुठल्याही गोष्टीत आधी नख खुपसून बघत. दुधी कोवळा आहे का, नख. कणीक मुरली का, नख. भाडेकरूची खोली रिकामी झाली तर भिंतीच्या गिलाव्यात नख. सुरतेत भेस्तानच्या बाजारात त्या आल्या की भाजीवाला लांबूनच ओरडायचा, "माजी, नख ना मारो!" त्या तरीही मारत, आणि मग तो दुधी नको म्हणून पुढे जात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी माझ्या दंडाला असाच चिमटा काढून पाहिला आणि नणंदेला म्हणाल्या, "मांस नही. काम कसं करी?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. नऊ वर्षं मी त्यांच्याशी भांडले, आणि ते सगळं अहो-जाहोत. मनातल्या शिव्यासुद्धा मी आदरार्थी दिल्या. त्या पारोळ्याकडच्या, अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायच्या नाहीत. मी धुळ्यात बारावी शिकलेली. सुरतेला आल्यावर दोन वर्षांत शेजारणींकडून गुजराती उचलली. आत्याबाई वीस वर्षं सुरतेत राहून "केम छो" म्हणाल्या नाहीत. मी कुणाशी गुजरातीत बोलले की म्हणायच्या, "तुनी गुजराती तुनाजोडे ऱ्हाऊ दे. घरमा आनू नको."

घरी आम्ही दोघी साड्यांच्या मागचे सुटे धागे काढायचं काम करायचो. गठ्ठा यायचा, भिंतीला टेकून समोरासमोर बसायचो आणि दिवसभर एकमेकींकडे न बघता काम करायचो. माझ्या हातात छोटा कटर असायचा. त्यांनी कटरला कधी हात लावला नाही. अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख थोडं वाढवून ठेवलेलं, त्यानं टोक पकडायचं आणि तोडायचं. "कटर कापड खास," त्या म्हणायच्या, "नख फक्त धागा खास." म्हणजे कटर कापडही खातो. माझी एक साडी होईपर्यंत त्यांच्या दोन व्हायच्या आणि माझी साडी उलटी करून त्या राहिलेले धागे शोधायच्या. सापडायचेच.

प्लेगच्या वर्षी गावाकडे पळालेली माणसं परत येऊन स्थिरावली होती, त्या सुमाराला त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. पुढे सहा डोस घ्यायचे ठरले, तीन-तीन आठवड्यांनी एक. नवरा पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये, पाळी चुकली की दुसरा माणूस उभा. तेव्हा दवाखान्यात सोबत जायचं माझ्याकडे आलं. मी खुशीनं गेले असं कुणी समजू नये.

केस गेले तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. डोक्यावर पदर होताच. पण दुसऱ्या डोसनंतर नखांच्या मुळाशी काळपट पट्टे आले आणि तिसऱ्यानंतर दहाही नखं काळी पडली, दुखायला लागली. लसूण सोलता येईना. डब्याचं झाकण उघडेना. धाग्याचं टोक पकडायला गेल्या की तोंडातून "माय वं" निघायचं, आणि ते मला ऐकू गेलं म्हणून त्या माझ्यावरच ओरडायच्या. नळावर बायकांनी विचारलं, "मिलमा रंग कालवाले जास का, आक्का?" आमच्या वस्तीत काळी-निळी नखं म्हणजे मिलचा रंग, दुसरं कुणाच्या डोक्यात येत नाही. आत्याबाईंनी त्या दिवशी भरलेली बादली तिथेच ओतून दिली. सगळ्यात वाईट म्हणजे पोलक्याचे हूक. ते त्यांना लागेनात. रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभ्या राहत, तोंडानं काही मागत नसत. मी हूक लावायचे आणि मुद्दाम जरा वेळ लावायचे.

तिसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात रक्त तपासायला गेलो होतो. बाकावर अमळनेरची एक बाई बसली होती. माणूस खानदेशचं निघालं की आत्याबाईंचं तोंड सुटायचं. तिनं विचारलं, सोबत कोण? आत्याबाई माझ्यादेखत म्हणाल्या, "वहू शे. सोबत कसानी! मी मरानी वाट देखस."

मला रडू आलं नाही, राग आला. राग जास्त यासाठी आला की ते पूर्ण खोटं नव्हतं. एक-दोनदा माझ्या मनात तसं येऊन गेलं होतं.

तेवढ्यात सिस्टरनं नाव पुकारलं. गुजराती होती, तरुण, बोलायला गोड. आत्याबाईंचे हात बघून ती म्हणाली, नखं आखूड कापा, खोबरेल लावा, भांडी-धुणं हातमोजे घालून करा, गरम पाण्यात हात घालू नका. मग कागद बघून म्हणाली, "छ डोझ पत्या पछी शेक आपवाना छे." सहा डोस झाले की मग शेक. सुरतेत मशीनवरच्या लाईटला शेक म्हणतात, ज्याला मुंबईकडे रेडिएशन म्हणत असतील ते. मला हे माहीत होतं. शेजारणीच्या दिराला दिला होता.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय बोलनी ती?"

मी म्हणाले, "शेक द्यायला सांगितलाय."

एवढंच. पुढचं-मागचं सगळं गिळलं. विचारलं तेवढं सांगितलं, असं मी स्वतःला बजावत होते.

घरी येऊन आत्याबाईंनी तवा मागितला. फडक्याची घडी तव्यावर तापवायची आणि बोटांवर दाबून धरायची, सकाळी आणि संध्याकाळी. दात-ओठ खाऊन धरायच्या. औषध म्हटलं की त्या कडू-गोड बघत नसत. पहिल्या दिवशी बोटं लाल झाली, दुसऱ्या दिवशी सुजली, तिसऱ्या दिवशी दोन नखं मुळापासून हलायला लागली. तीनही दिवस मी समोर बसून धागे काढत होते. स्टोव्हला पंप मीच मारला. एक शब्द बोलले असते तर ते तिथेच थांबलं असतं. मी बोलले नाही. चौथ्या दिवशी पू दिसला तेव्हा त्यांनी आपणहून शेक थांबवला आणि हळद लावली.

चौथ्या डोसला डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि भडकले. ही जखम भरेपर्यंत डोस नाही, अंगातली ताकद आधीच कमी झालेली, आत जंतू गेले तर जिवावर बेतेल. हे करायला सांगितलं कुणी? आत्याबाईंना "कुणी" तेवढं कळलं. त्यांनी सरळ त्या सिस्टरकडे बोट दाखवलं, सुजलेलं. डॉक्टर सगळ्यांसमोर तिला बोलले. ती बिचारी पांढरी पडली. "में तो मशीनना शेकनुं कह्युं हतुं, साहेब," म्हणाली. मशीनचा शब्द आत्याबाईंना समजला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बाकावर त्यांनी विचारलं, "तुले ठाऊक व्हतं?"

"हो."

"तिन्ही दिन?"

"हो."

"मले वाटनं, औषधच असं शे," त्या म्हणाल्या. त्या मारतील असं मला वाटलं होतं. मारलं नाही. घरी येऊन मुलाला एवढंच सांगितलं की आता जायचं नाही. हिच्यासंगे तर नाहीच. दुसरं न्यायला कुणी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अर्धे डोस टाकून बसायचं म्हणजे काय, तेही माहीत होतं. नवऱ्यानं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. सिस्टरची माफी मागितली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला ते अजून आठवतं. पण कागदावर सगळं लिहून दिलं. येताना मलम घेतलं, नवऱ्याकडून मिलमधले पांढरे सुती हातमोजे मागवले, आणि आत्याबाईंसमोर बसून तो कागद अख्खा वाचून दाखवला. मशीनच्या शेकासकट. मग म्हटलं, नखं कापू द्या.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग हात पुढे केला. मी एकेक नख कापलं. दुखत होतं, त्या हलल्या नाहीत. शेवटी अंगठ्याचं आणि तर्जनीचं राहिलं, वाढवलेलं. तेव्हा मी थांबले. "काप," त्या म्हणाल्या. मी तेही कापलं. झाल्यावर म्हणाल्या, "दुश्मनी करानी व्हई ते तोंडवर कर. आते ती बाई जे सांगस ते बठ्ठं सांग. शिव्या दिन्यात तरी सांग."

त्यानंतर मी शब्दाला शब्द सांगायचे. तीन आठवडे उशिरानं चौथा डोस सुरू झाला. हातमोजे घालून त्या दवाखान्यात गोऱ्या मडमेसारख्या बसायच्या. एकदा सिस्टर दुसरीला म्हणाली, माजी बहु कचकच करे छे. मी तेही सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "तिले सांग, कचकच करस म्हनीसन जित्ती शे." मी सांगितलं. सिस्टर हसली, आत्याबाई हसल्या नाहीत. सहा डोस पुरे झाले, मशीनचा शेकही झाला. आमची भांडणं पहिल्यासारखी सुरू झाली. फरक एवढाच की मी आता मनातल्या शिव्या मोठ्यानं द्यायचे, आणि ते त्यांना चालायचं.

दोन वर्षांनी दुखणं उलटलं. या वेळी हाडात. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हटलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच गुजरातीत विचारलं, ते तीन आठवडे गेले म्हणून झालं का हे? डॉक्टर म्हणाले, नाही, तसं काही समजू नका.

"काय बोलना?" आत्याबाईंनी विचारलं.

ठरलं होतं तसं सांगितलं. मी विचारलं माझ्यामुळे झालं का, ते नाही म्हणाले.

आत्याबाईंनी जरा दम घेतला. "तो दाक्तर शे," म्हणाल्या. "त्याले काय माहीत तू काय करं?"

महिनाभरात त्या गेल्या. शेवटपर्यंत सगळं मीच केलं, आणि वस्तीत माझं नाव झालं. सासूचं करावं तर हिनं, असं अजूनही लग्नकार्यात बायका नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मी गप्प उभी राहते आणि वाट बघते, की गर्दीतून कुणीतरी म्हणेल, "ते तीन दिन इचारा तिले." म्हणणारं माणूस एकच होतं. आता कुणी म्हणत नाही, म्हणून मी लिहून ठेवलं.