मशीन चालू असताना मी काय बोलले

आधीच सांगते, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अंगात येणं, आत्मा, झपाटणं... वर्गात कोणी असलं काही काढलं की मी त्याला उभं करून इतके प्रश्न विचारते की पुन्हा तो विषय निघत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण आठ महिने झाले, डोक्यातून जात नाही.

मी रायपूरची. तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यात मी आणि बाबा, दोघंच राहतो. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, आता एकोणऐंशीचे. आई जाऊन चोवीस वर्षं झाली. मी तेव्हा नागपूरला एम.एस्सी. करत होते. हॉस्टेलवर निरोप आला, मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं म्हणे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच सांगायचे — "ती काही बोललीच नाही. सकाळी चांगली होती, संध्याकाळी ड्युटीवरून आलो तं बेशुद्ध." मीही तेच धरून चालले.

मला स्वतःला सहा वर्षांपासून मूत्राशयाचं दुखणं आहे. इन्फेक्शन नाही, खडा नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण लघवी थोडीशी साठली की ओटीपोटात आग, आणि जाऊन आलं तरी दहा मिनिटांत पुन्हा तेच. एक तास सलग शिकवता येत नव्हतं. सदर बाजारात कोणत्या दुकानात बाथरूम विचारता येतं ते मला पाठ होतं. लग्नकार्यं तर मी केव्हाच सोडली होती.

गोळ्या झाल्या, नळीने आत औषध सोडून झालं. शेवटी डॉक्टरांनी एका न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी नीट समजावलं — इतकी वर्षं दुखलं की मेंदूलाच दुखण्याची सवय लागते. डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन ती सवय मोडते का ते पाहायचं. भूल नाही, कापाकापी नाही. पक्का इलाज म्हणता येणार नाही, पण काही पेशंटना आराम पडतो. वीस सिटिंग, रोज दुपारी.

खोली साधीच होती. मागे कलणारी खुर्ची, डोक्याला टेकवायची कॉइल, कानात बोळे. पहिल्या दिवशी ठोका देऊन डोक्यावरची नेमकी जागा शोधताना माझ्या हाताचा अंगठा आपोआप उडाला तेव्हा मी हसलेसुद्धा. मग टक्-टक्-टक् ठोके, थोडं थांबणं, पुन्हा ठोके. मी पूर्ण जागी असायचे. समोर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता, तो वाचत बसायचे. मशीन चालवणारी सरिता, चाळिशीची छत्तीसगढी बाई, दारापाशी टेबलावर बसलेली असायची.

नवव्या सिटिंगनंतर ती चाचरत म्हणाली, "दीदी, एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानेंगी?"

"पूछो ना."

"मशीन चलते टाइम आप किससे बात करती हैं? रोज़ वही-वही बोलती हैं... मराठी में."

मी म्हटलं, मैं तो चुप बैठी रहती हूँ. ती हो म्हणावं तसं नुसतं "हव दीदी" म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं, रेकॉर्ड कर. मशीनजवळ फोन नेता येत नाही, म्हणून तिने तो टेबलावरच ठेवला. त्या दिवशी मी मुद्दाम दात घट्ट आवळून बसले. तोंड उघडलं नाही — मला ते स्वच्छ आठवतं.

रेकॉर्डिंगमध्ये आधी नुसते ठोके होते. मग आवाज आला. माझाच. पण बोलणं माझं नव्हतं... मी शाळेत पुस्तकी बोलून बोलून घरीही तसंच बोलते. हे वऱ्हाडी होतं, आईचं.

"अहो, आज ड्युटीवर नका जाऊ. मले दवाखान्यात घेऊन चाला. आता सहन नाही होऊन राहिलं."

मग बराच वेळ ठोके. कोणाचं तरी उत्तर ऐकून घ्यावं, एवढा वेळ. आणि मग अगदी हळू — "बरं. संध्याकाळी तं संध्याकाळी."

मी तिथेच बंद केलं. पुढचं ऐकवेना.

घरी आले तेव्हा बाबा चहा पीत होते. खरं तर त्यांना ऐकवायला नको होतं. पण मी ऐकवलं. "संध्याकाळी तं संध्याकाळी"पर्यंत आलं आणि माझा अंगठा पुन्हा बंद करायला गेला.

बाबा म्हणाले, "काहून थांबवलं? पुढं म्हणते ती, दार ओढून घ्या म्हणून."

मी पुढे चालवलं. पाच-सहा ठोके. आणि माझा आवाज म्हणाला, "दार ओढून घ्या."

बाबांनी कप खाली ठेवला, पण तो बशीच्या कडेवर ठेवला गेला आणि कलंडला. सांडलेला चहा दोघांनीही पुसला नाही.

"बूट घालून राहिलो होतो मी," ते म्हणाले. "ट्रेनचा टाइम झाला होता. महिनाभर दुखून राहिलं म्हणे ती, मी म्हटलं बायकायचं असतेच काहीतरी... मी दार ओढून घेतलं अन् गेलो. कोणाले नाही सांगितलं. तुलेबी नाही."

मला राग आला होता, खूप. अजूनही येतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या ठोक्यांनी माणूस नकळत बोलत नाही, शुद्ध जात नाही, असं व्हायला नको. कानात बोळे असल्यामुळे मी पुटपुटलेलं मला कळलं नसेल, असंही म्हणाले. तेवढं मान्य करू. पण शब्द कुठून आले? मी नागपुरात होते. ते बोलणं ऐकणारा माणूस एकच, आणि त्याने ते कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

उरलेल्या दहाही सिटिंगला बाबा ऑटोत बसून माझ्याबरोबर आले. सरिताने त्यांना दाराशी स्टूल दिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी एकदाही बोलले नाही. सरिता रोज मान हलवायची — नहीं बाबूजी, आज भी कुछ नहीं. शेवटच्या दिवशी मशीन बंद झालं तरी ते उठेनात. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "चाल. आत्ताच जाऊ." मी कॉइलखालून डोकं काढून उठले. ते मला म्हणाले होते का, मला माहीत नाही.

दुखणं निम्म्याहून कमी झालं. चार-पाच महिने मी तास पूर्ण घेतले. आता पुन्हा हळूहळू वाढतंय. डॉक्टर म्हणतात, आणखी काही सिटिंग घेऊ, असं लागतं कधीकधी. हे सगळं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे आता मी कोणाला विचारतही नाही. बाबा मात्र रोज चहाच्या वेळी विचारतात, "कधीची तारीख मिळाली?"

मी अजून फोन केलेला नाही.