चाकणच्या बाजारात परत गेलेली सुरी

दापोडीला बहिणीच्या घरून निघून एस.टी.त बसलो तेव्हा पिशवीत एक वाकलेली सुरी होती आणि डोक्यात राग. बहिणीनं ती चाकणच्या बाजारातून दीड रुपयाला आणलेली. आठवड्यात कांदा चिरतानाच वाकली. "दादा, जाऊ दे रे," ती म्हणाली. जाऊ दे कसं? पुण्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. दीड रुपयात काय यायला हवं, ते मला कळतं!

भोसरी, मोशी मागे पडली. इंद्रायणीच्या पुलापलीकडे दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं लागली. शेजारच्या म्हातारबाबांना सुरी दाखवली. मुठीजवळची तीन टिंबं पाहून ते म्हणाले, "ही सखाराम लोहाराची खूण. त्याची सुरी वाकायची न्हाई. नकली आसंल, राव."

बाजारात आधी भजी खाल्ली. मिरची अशी झोंबली की डोळे पुसतच सुऱ्यांच्या ओळीत पोचलो. एकीकडे एक व्यापारी "बारा आणे, बारा आणे!" ओरडत होता. समोर सखाराम आणि त्याची बायको भागाबाई गप्प बसलेले. पुढ्यात कांदे. गिऱ्हाइकानं आधी कांदा चिरून पाहायचा, मग पैसे द्यायचे. खोटं निघालेलं पातं चारचौघांत ऐरणीवर तोडायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत.

मी सुरी त्याच्यापुढे आपटली. माणसं जमली.

"घ्या! दीड रुपयाचं नाव!" व्यापारी हसला.

सखारामचा चेहरा पार उतरला. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, "कुणीतरी तुमची खूण चोरली असेल."

"व्हय, व्हय, नकलीच!" लोक म्हणाले. त्यानं नुसती मान हलवायची होती. मी असतो तर हलवली असती.

भागाबाईनं सुरी हातात घेतली. मुठीवरची पितळी तार बोटानं चाचपली आणि हळूच म्हणाली, "ही तार माझ्या हातची हाय."

सखाराम मोठ्यानं म्हणाला, "आपलीच हाय. पिंपरीला कारखाना झाला, मागणी वाढली. घाईत पाती पुरती न तापवताच पाणी पाजलं, पाण्यात बुडवली, म्हणून कडक झालीच न्हाईत. चूक माझी."

त्यानं घण उचलला. पण मऊ पातं तुटेना, नुसतं वाकत राहिलं. लोक हसू लागले. शेवटी छिन्नी लावून त्यानं त्याचे दोन तुकडे केले. मग त्या खेपेतल्या उरलेल्या साऱ्या सुऱ्या गोणपाटात बांधल्या. पैसे काढून उभी असलेली दोन गिऱ्हाइकं समोरच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्या दिवशी धंदा बारा आणेवाल्याचाच झाला.

मला त्यानं जुन्या खेपेतली सुरी दिली. कांदा लोण्यासारखा चिरला. मला राहवेना. "अहो, नकली म्हणाला असतात तर कुणाला कळणार होतं?"

"आन् बाकीच्या घरांत वाकत्यात त्यांचं काय?" तो म्हणाला. "आता तुमीच सांगा सगळ्यांस्नी, घिऊन या म्हणावं."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत बसलो. भाव म्हणजे मालाची किंमत, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. त्या दीड रुपयात बाकी काय काय होतं, ते मला आज दिसलं. आणि स्वतःचीच जरा चीड आली.

माझ्या गल्ल्यावर पाटी आहे: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' वीस वर्षं मी तिला शिस्त म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर पायरीवर एक बाई गळका तांब्या पदराआड धरून उभी. तिनं पाटीकडे पाहिलं आणि परत वळली.

"अहो बाई," मी हाक मारली, "आणा तो इकडे. माझ्याच दुकानातला आहे."