लोह्याच्या पोरीची एकमार्गी नळी

लोहा गावच्या ज्ञानेश्वरीचा जीव पार टांगणीला लागला होता. नांदेडच्या प्रयोगशाळेत तिची शेवटची कार्बनची नळी मोजणीला लागली होती, आणि तिचे मार्गदर्शक गुरुलिंग सर मागं उभे होते. माणूस भला, पण खोट असलेल्या नमुन्याचा भारी तिटकारा. "ही पण गेली, तर विषय बदल," असं सकाळीच सांगून मोकळे झाले होते. तीन वर्षांची मेहनत मातीत घालायची म्हणजे काय गंमत हाय का?

आता ही नळी म्हणजे कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून झालेली, केसाहून हजारो पट बारीक. जाळी एकसारखी असली की वीज दोन्हीकडून सारखीच जाते. हिला मात्र मधोमध बाक होता. तिथं जाळीचं एक घर पंचकोनी झालेलं अन् शेजारचं सप्तकोनी. यंत्राच्या पडद्यावरची विजेची रेघ एका बाजूला चढली अन् दुसऱ्या बाजूला आडवी पडली, ती काही केल्या उठेना; म्हणजे वीज एकाच दिशेनं जात होती.

"वाकडीच निघाली. नाहीतर यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "टाक डब्यात."

ज्ञानेश्वरीचा हात आपसूक नळीला जोडलेल्या वायरींकडं गेला. घरी विहिरीवरची मोटार उलटी फिरली, की तिचा बाप रामकिशन कुणाची वाट बघत नसे. दोन वायरी अदलून बदलून लावायचा अन् पुन्हा बटण दाबायचा. लोह्याकडं हे शेंबड्या पोराला ठाऊक.

"काय करून राहिलीस?"

"वायरी बदलून बघते, सर. खोट यंत्रात असली तर रेघ हाय तशीच राहील. नळीत असली तर पलटेल."

तिनं बटण दाबलं. रेघ पलटली.

सर पडद्याजवळ सरकले. "आता बाकाच्या अलीकडचं मोज. मग पलीकडचं."

अलीकडं वीज धातूतून जावी तशी सरळ गेली. पलीकडं अडखळत गेली, पण दोन्ही दिशांनी सारखीच. वीज एकाच दिशेनं सोडत होता तो फक्त बाक, पाण्याच्या झडपेसारखा.

"खोटच काम करतीय की गं," सर हळूच म्हणाले.

ज्ञानेश्वरीला हसू फुटलं, अन् लगेच तिची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडं गेली. तीन वर्षं वाकडी नळी दिसली की न मोजताच ती स्वतःच्या हातानं त्यात टाकत आली होती. डबा दर शनिवारी रिकामा होत होता, अन् आज सोमवार होता.