नांगराला बांधलेली मुलाखत

आमच्या घरात आजवर एकदाही चोरी झालेली नाही. तरीही मी लॅपटॉपसाठी कुलूप मागवलं, कारण मी नऊ वर्षं पुण्यात काढली होती आणि माणसांवरचा विश्वास तिथेच ठेवून आले होते.

पुण्यातली नोकरी सुटली तशी मी मालवणजवळच्या आमच्या वाडीत परतले. बाबा छोट्या होडीतून मासेमारी करतात, आई पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. हे पर्यटक न्हाणीघर शोधत शोधत थेट माझ्या टेबलापर्यंत येत. म्हणून हे कुलूप. एका टोकाला लॅपटॉपच्या खाचेत बसणारं चार आकड्यांचं यंत्र, दुसऱ्या टोकाला फास असलेली पोलादी वायर. पण ती बांधायची कशाला? टेबल उचललं की फास पायातून खाली सुटणार. खिडकीचे गज हाताने मोडण्याइतके गंजलेले. शेवटी पडवीत होडीचा जुना लोखंडी नांगर दिसला. पंचवीस किलो! मी तो घामाघूम होत आत ओढला, त्याच्या कडीत वायर ओवली आणि कुलूप लावलं.

"आता हो कोण चोरतलो?" बाबांनी विचारलं.

"कोणी चोरू नये म्हणूनच बांधलाय."

"पण आदी तरी कोण चोरतलो होतो?"

(वादातलं योग्य उत्तर मला नेहमी घरी आल्यावर सुचतं. इथे तर मी घरीच होते.)

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीने ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. घरून काम करू देणारी ही एकच कंपनी मला सापडली होती. ही हुकली तर पुन्हा पुणं, पुन्हा भाड्याची खोली आणि ताजा बांगडा म्हणून तिथे जे काय विकतात ते. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

मुलाखत चारला. दोनला वीज गेली आणि तिच्यामागून वायफाय. मोबाइलची रेंज आमच्याकडे फक्त वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, राखणदाराच्या वडाखाली. राखणदार म्हणजे वाडी सांभाळणारा देव. त्याला देऊळ नाही, वडाखाली नुसता पाषाण आहे. माझं काम स्क्रीनवर दाखवायचं होतं, त्यामुळे नुसत्या फोनवर भागणार नव्हतं. मी लॅपटॉप सोडवायला बसले तर कुलपाचे आकडे फिरेचनात. दोन महिने खारा वारा खाऊन ते जाम झाले होते. समुद्र बिजागऱ्या खातो, सायकली खातो, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. पण जाहिरातीत 'पोलादी' वाचलं आणि माझी अक्कल चरायला गेली.

आईने खोबरेल ओतलं. कुलूप चकचकीत झालं, उघडलं नाही. बाबांनी आरी चालवली, तिचं पातं तुटलं.

"कुलूप मात्र बरा आसा हां," बाबा आदराने म्हणाले.

तीन वाजले होते. मी रडायच्या बेतात असताना थोरले काका रिक्षा घेऊन आले. नांगर माझ्या पायाशी, लॅपटॉप मांडीवर, शेजारी बाबा. अर्ध्या चढणीला रिक्षाने जीव टाकला. वाटेतले चार जण ढकलायला धावले.

"खंय चललंस गो?"

"इंटरव्ह्यूक."

"नांगर घेऊन?"

"होय."

"पुण्याची कंपनी? मगे आसात तसा कायतरी," असं म्हणून त्यांनी जोर लावला.

ढकलणाऱ्या चौघांसकट वडाखाली पोहोचलो तेव्हा चारला दोन मिनिटं होती. काकांनी देवाला साकडं घालायला पिशवीतून नारळ काढला.

"काका, आता नको!"

"गाऱ्हाणा घातल्याबिगर हयसर बसाचा नाय," काका म्हणाले, आणि तेवढ्यात पडद्यावर एक मॅडम आणि एक साहेब उगवले.

"नमस्कार. तुम्ही बाहेर बसलात का?" मॅडमनी विचारलं.

"हो, नेटवर्कसाठी..."

"बा देवा राखणदारा म्हाराजा," मागून काकांचा आवाज चढला, "हो नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा आणि ते चौघे एकदम.

मॅडम दचकल्या. "ठीक आहे. काम घरूनच आहे, पण महिन्यातले दहा दिवस पुण्याला यावं लागेल. जमेल?"

गरजवंताला अक्कल नसते. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"ह्या चेडवाक पुण्याक धाडू नको रे म्हाराजा! थंयसून इला तेवा सुकटासारख्या सुकान इला होता!"

"व्हय म्हाराजा!"

मी लॅपटॉप उचलून पळायला गेले. वायरला हिसका बसला आणि कॅमेरा सरळ खाली वळला.

"हा... जहाजाचा नांगर आहे का?" इतका वेळ गप्प असलेले साहेब म्हणाले.

"होडीचा. लॅपटॉप बांधलाय त्याला. चोरी होऊ नये म्हणून."

"मग सोडवा ना आता."

"सुटत नाही," मी म्हटलं, आणि कुलूप, खोबरेल, आरी, रिक्षा सगळं एका दमात सांगून टाकलं. पडद्यावर दोन रिकाम्या खुर्च्या राहिल्या. खालून हुंदक्यांसारखे आवाज येत होते. दोघं डोळे पुसत वर आल्यावर मी माझं काम दाखवलं, आणि प्रत्येक मुद्द्यावर मागून अनुमोदन मिळत गेलं.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. नोकरी मिळाली होती. काम पूर्ण वेळ घरून, पुण्याला यायची अट रद्द.

"काम आवडलंच तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पण त्या दहा दिवसांवरून साहेब म्हणाले, ह्या बाईंना आणायला ट्रक कोण पाठवणार?"

वाडीत सगळे म्हणतात, राखणदार पावलो. आई म्हणते, चेडू हुशार. मला मात्र खरं काय ते ठाऊक आहे. त्या मुलाखतीत भक्कम, स्थिर आणि वायफळ न बोलणारा उमेदवार एकच होता, आणि तो मी नव्हते.