पितळी नोझल

लिफ्ट बंद होती, म्हणून नवव्या मजल्यापर्यंत चढताना मी प्रत्येक मजल्यावरच्या लाल पेटीपाशी दम खात थांबलो. काचेआड आग विझवायचा पाइप नीट गुंडाळलेला होता, पण त्याच्या टोकाचं पितळी नोझल कुठल्याच पेटीत नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना, सावंतांना, जिन्यातूनच फोन लावला.

“चोरीला जातात हो. सगळी माझ्या कपाटात आहेत, कुलपात.”

“आणि तुम्ही गावाला गेलात तर?”

“किल्ली माझ्या खिशातच असते. अगदी निर्धास्त राहा.”

मग आठवलं, सभेत नोझल कुलपात ठेवायच्या ठरावाला मीही हात वर केला होता. चोराची भीती आपल्याला रोज वाटते. आगीची वाटायला आग लागावी लागते.

घरात शिरलो. अंथरुणाला खिळलेल्या आईने माझी धाप ऐकली.

“फार वर राहतो का रे आपण?”