पत्र्याच्या डब्यावरची बोटं

"भावजी, आईचं वर्स नाय झालं आपल्याकडं अजून. मग ह्याला कुंकू कोनी लावलं?"

ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती बाई दिराच्या कानाशी बोलत होती. मी पाणी प्यायला बाहेर आले होते, म्हणून ऐकू आलं. त्या प्रकरणातल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. हे वाक्य मात्र आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

निवृत्त म्हणवून घ्यावं इतकी माझी नोकरी झाली नाही. काही वर्षं पोलीस उपनिरीक्षक होते, मग परीक्षा देऊन दुसऱ्या खात्यात गेले. ठाणं पेण-रोहा पट्ट्यातलं होतं, एवढंच सांगते. नावं कोणाचीच घेत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि मुळात कमी बोलणारी. सकाळच्या हजेरीला माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे. "कॉन्व्हेंट मॅडम काय बोलल्या रे?" "बोलल्या कुठं, ओठ हलले फक्त." हे मला ऐकू यायचं. मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

त्या दिवशी तक्रार घेऊन आला होता आमच्या हद्दीतला संगणक दुकानदार. गिऱ्हाइकाने नव्या संगणकाचं सील फोडून आतले भाग काढून घेतले, जुने बसवले आणि वर दुकानात येऊन दमदाटी केली, अशी त्याची तक्रार होती. ठाण्याच्या संगणकांची देखभालही त्याच्याकडेच होती. तो आला की बाकावर बसत नसे, थेट साहेबांच्या खोलीत जाई आणि मागोमाग चहा जाई. त्यामुळे तक्रार खरी की खोटी, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

समोरचे लोक रोह्याकडच्या एका खेड्यातले. भातशेती करणारं घर. त्या बाईने घरी बसून लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून द्यायचं ठरवलं होतं, त्यासाठी हा संगणक घेतला. चार ओळी टाइप झाल्या की तो बंद पडे. दुकानदार सांगे, तुमच्या गावची वीज खराब. मग एक दिवस त्यातून जळका वास आला आणि दिराने झाकण उघडलं. हा दीर धाटावच्या एका कंपनीत ठेक्यावर होता आणि आता कायम होणार होता. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला असता तर ती नोकरी गेलीच असती. हे तो बोलला नाही. "मॅडम, आमची दुपारची शिफ्ट हाय," एवढंच दोनदा म्हणाला.

त्याची चौकशी माझ्याकडे दिली होती. मला दरडावता येत नाही. मी एक प्रश्न विचारते आणि गप्प बसते. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो ती भरून काढतो. खोटं बोलणारा ती कारणांनी भरतो, खरं बोलणारा बहुधा स्वतःच्या चुकीने.

"सील कोणी फोडलं?"

"मीच फोडलं. खोटं कशाला बोलू?"

मी गप्प.

"वास आला ना. वैनी घरात एकटी असते. कंपनीत आमाला शिकवलंय, वास आला की पयलं बटन बंद, मंग झाकन उघड, मंग सायबाला सांग. तसंच केलं. आत बघतो तर सगळा जुना माल. डोकंच फिरलं. दुकानात जाऊन वरडलो, ते पन खरं हाय."

आता त्याच्याच कबुलीने सील त्याने फोडलं होतं. साहेब म्हणाले, "झालं की. पंचनामा करा आणि घ्या गुन्हा."

चादरीत बांधून आणलेला तो संगणक पंचांसमोर टेबलावर उघडला. आत वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. स्क्रू काढून तो बाहेर घेतला, तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला हळदीकुंकवाची पाच बोटं, म्हणजे एकाच बोटाने टेकवलेले पाच ठिपके, उठलेली दिसली. दुकानदार लगेच हसला. "बघा साहेब! नव्या मशीनची पूजा कोणी आत हात घालून करतं का? यांनी सगळं उघडलं, भाग बदलले आणि वर पूजा पण घातली." पंचही हसले. बाईला आणि दिराला बाहेर बसायला सांगितलं, आणि मग व्हरांड्यात ती जे बोलली ते मी ऐकलं.

मी परत आत गेले. घरात वर्षभरात मृत्यू झालेला असेल, तर तिकडचे लोक वर्षश्राद्ध होईपर्यंत नव्या वस्तूला नारळसुद्धा फोडत नाहीत. मग ही पूजा दुसऱ्या कोणाच्या घरची. म्हणजे डबाही दुसऱ्याच कोणाचा.

टेबलाशी आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरातल्या घरातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. एरवी ठाण्यात सर्वांत मोठा आवाज त्यांचा. त्या डब्याकडे एकटक बघत होत्या.

"ताई, काय झालं?"

"मॅडम, ही माजी बोटं हायत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी उजव्या हाताची अनामिका पुढे केली. लहानपणी मिठागरात फावडं लागून तिचं टोक तिरकं तुटलं होतं. पाचही ठिपके तसेच होते, एका बाजूने कापल्यासारखे. अर्धे.

मग मला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. बंदुका, काठ्या, जीप, आणि अलीकडे संगणकही. गेल्या खंडेनवमीला याच दुकानाचा माणूस आमचा संगणक उघडून धूळ काढत बसला होता. कोणीतरी म्हणालं, बंद होऊ द्या, मग लावा कुंकू. हवालदार ताई म्हणाल्या होत्या, "डबड्याला लावून काय उपेग? काम आतला करतो, मान बाहेरच्याला व्हय?" आणि त्यांनी आत हात घालून त्या पत्र्यावर अनामिकेने पाच बोटं टेकवली होती. आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

तो डबा आता एका परक्या बाईच्या 'नव्या' संगणकातून निघाला होता.

चोऱ्या पाहिल्या होत्या, घरफोड्यांचे पंचनामे केले होते. पण ज्या खोलीत आम्ही चोवीस तास बसतो, जिथे बंदुका कुलपात असतात, तिथूनच कोणी दिवसाढवळ्या सरकारी वस्तू काढून नेली होती आणि आम्ही त्याला चहा पाजला होता. आमचा संगणकही रोज बंद पडायचा. आम्ही विजेला शिव्या घालायचो. त्या बाईला सांगितलेलं कारण आणि आम्ही मानून घेतलेलं कारण एकच होतं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. दुकानदारही आता तिथे जाऊन बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं, "खंडेनवमीनंतर आमच्या संगणकातला एखादा भाग बदललात का?"

"छे हो मॅडम. बदलला तर बिल नसतं का दिलं? धूळ तेवढी काढतो."

मी गप्प राहिले.

"म्हणजे, एक-दोनदा दुकानात नेला होता. पण होता तसा आणून दिला. विचारा ना साहेबांना."

साहेबांनी मान डोलावली. दुकानदाराला वाटलं, आपण सुटलो. मी ताईंना स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलं आणि सर्वांसमोर, पंचांना थांबवून, ठाण्याचा संगणक उघडला. आतला डबा गंजलेला होता. कोपऱ्यात पालीची वाळलेली अंडी. कुंकवाचा एक कणही नव्हता. आमचा वापरलेला डबा त्या बाईला नवा म्हणून गेला होता आणि तिसऱ्याच कोणाचा टाकाऊ आमच्यात बसला होता. अजून किती घरांत काय बसवलं असेल, या विचाराने मी एक पाऊल मागे सरले.

दुकानदाराचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "पोरांनी केलं असेल साहेब. दुकानातल्या पोरांनी. मी कुठं आत बघतो?"

"तुज्या पोरांना पोलीस ठाणंच गावलं व्हय रे?" ताई म्हणाल्या. "उद्या माजी बंदूक पन नेशील आणि लाकडाची आणून ठेवशील."

कोणी हसलं नाही.

साहेबांनी मला आणि दुकानदाराला खोलीत नेऊन दार लावून घेतलं. ते वाईट अधिकारी नव्हते. पण मला अजून एक धक्का बसायचा होता. ते हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर गेलं तर काय होईल, कळतंय ना? पोलिसांच्याच टेबलावरून चोरी. वर्तमानपत्रवाले नाचतील. मिटवून टाकू. हा त्यांना नवा संगणक देईल. तो पोरगा दमदाटीबद्दल माफीनामा लिहील. विषय संपला."

दुकानदाराने लगेच मान हलवली. दिराला आत बोलावलं. माफीनामा म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावलं नाही. त्यात तो आपला गुन्हा स्वतःच्या हाताने कबूल करणार होता, आणि पडताळणी करणाऱ्या पोलिसाने तो कागद पाहिला असता तर त्याचा अर्ज तिथेच थांबला असता. त्याला वाटत होतं, नवा संगणक मिळतोय, सुटका होतेय, शिफ्ट गाठता येईल. वहिनी दारात उभी होती. "करा भावजी सही, जाऊ घरी," ती म्हणाली. त्याने पेन हातात घेतलं.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते मी नंतर पुष्कळदा मनाशी मांडून पाहिलं. माणूस अनोळख्याकडून फसतो ते कमीच. जो रोज येतो, ज्याला आपणच खुर्ची देतो, त्याच्या हाताकडे आपण बघत नाही. आणि चोरी उघडकीला आली की पोलिसालाही आधी आपली लाज आठवते, ज्याचं नुकसान झालं तो मागाहून. खाकी घातली म्हणून यातून सुटका नाही. गप्प बसणं हे माझं कौशल्य आहे, असं मी तोवर समजत होते. चौकशीत ते होतंही. त्या खोलीत मात्र गप्प बसणं म्हणजे त्या कागदावर माझीही सही होती.

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. माझा आवाज व्हरांड्यातल्या बाकापर्यंत गेला, असं ताई नंतर सांगत.

"तो सही करणार नाही, साहेब. चोरी आपल्या ठाण्यात झाली आहे. फिर्याद मी देते, माझी लिहून घ्या."