अंड्यांवरची ओली गोणी

हे मी घरातही कधी बोललो नाही. माठाला गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटाचा वास आला की बार्शीटाकळीकडच्या धरणात उन्हाळ्यात उघडं पडणारं बेट आठवतं. तिथे रेतीवर नदी सुरय पक्ष्याच्या एका जोडीची तीन अंडी होती. हे पक्षी आता थोडेच उरलेत, म्हणून पक्षी मोजणाऱ्या मॅडमनी मला राखणीला ठेवलं होतं. "दुरूनच पाहा, भाऊ," एवढंच त्यांनी बजावलं होतं. पण वैशाखाचं ऊन मला बघवेना. रोपांवर घालतो तशी मी काड्या रोवून अंड्यांवर ओली गोणी ताणली. गोणी तासाभरात वाळली. मादी पोट भिजवून अंडी गार करायला यायची, ती वरच ओरडत राहिली, खाली बसलीच नाही. तिसऱ्या दिवशी जोडी निघून गेली. अंडी मी पाण्यात टाकली आणि मॅडमना सांगितलं, काठावर मेंढ्या चारणाऱ्या मेंढपाळाच्या कुत्र्यानं पोहत येऊन खाल्ली. मेंढपाळ माझ्यासमोर उभा राहिला. "माह्यं कुत्रं तं बांधेल होतं, भाऊ. तुमी सोता पायलं काय?" "पायलं ना," मी म्हणालो. त्याच्या मेंढ्यांना काठ बंद झाला. आता दरसाल मी दुरूनच राखतो आणि पिल्लं उडतात, राखण मला चांगली जमते. त्या मेंढपाळाला खरं सांगणं मात्र अजून बाकी आहे.